घरचा राउटर : यंत्रसामग्रीची निवड

प्रकाशतंतूची जोडणी घरोघरी पोहोचू लागल्यापासून इंटरनेटच्या वेगाची मापे बदलली आहेत. अनेक शहरांत १ गिगाबिट प्रतिसेकंद वेगाची जोडणी आता घरगुती ग्राहकासही मिळू शकते. तार बदलली, वेग वाढला. परंतु तारेच्या टोकाशी असलेल्या लहानशा पेटीकडे, म्हणजे राउटरकडे, फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वीजबिलाचा भरणा असो, मुदत ठेवीचे नूतनीकरण असो वा मुलांचा अभ्यास, घरातील प्रत्येक ऑनलाइन व्यवहार या पेटीतून जातो.

ही पेटी दुर्लक्षित राहिल्यास काय होते, याचे उदाहरण ब्राझीलमध्ये घडले. तेथे २०११ पासून सुमारे ४५ लाख मोडेममधील डीएनएसची नोंद गुन्हेगारांनी परस्पर बदलली. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. ती नोंदच खोटी झाल्यामुळे पत्ता अचूक टाइप करूनही ग्राहक बनावट पानावर पोहोचू शकत होता. २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ या घातक प्रणालीने किमान ५४ देशांतील ५ लाखांहून अधिक उपकरणे ग्रासल्याचे उघड झाले. त्यांत घरगुती व लहान कार्यालयांतील राउटरच बहुसंख्य होते.

बाजारातील अनेक राउटरांना काही वर्षांनंतर उत्पादकाकडून सुरक्षा-सुधारणा मिळेनाशा होतात. यंत्र चालू राहते, त्यातील उणिवा मात्र तशाच राहतात. म्हणून काही जाणकार ग्राहक साध्या लहान संगणकावर ओपनडब्ल्यूआरटी, ओपीएनसेन्स अथवा पीएफसेन्स यांसारखी विनामूल्य प्रणाली बसवून स्वतःच राउटर बांधतात. अशा प्रणालींच्या सुधारणा संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नसतात. तथापि यंत्रसामग्रीची निवड चुकली, तर पैसा खर्च होऊनही वेग हाती लागत नाही.

प्रोसेसर : खिडक्या किती आणि रांग कोठे?

इंटरनेटवरील माहिती लहान लहान पाकिटांच्या रूपाने ये-जा करते. प्रत्येक पाकिटाचा पत्ता तपासणे, ते घरातील योग्य उपकरणाकडे पाठविणे आणि अनाहूत पाकिटे दाराशीच अडविणे हे राउटरचे काम होय. १ गिगाबिट वेगाने नेहमीच्या पूर्ण आकाराची पाकिटे आली, तर त्यांची संख्या सेकंदाला सुमारे ८१ हजार होते. पाकिटे सर्वांत लहान आकाराची असतील, तर ती १४ लाख ८८ हजारांवर जाते. म्हणजेच राउटरवरील भार वेगावर जितका, तितकाच पाकिटांच्या संख्येवरही अवलंबून असतो.

तयार राउटरमध्ये बहुधा अशक्त प्रोसेसर असतो व नेहमीची पाकिटे पुढे पाठविण्यासाठी वेगळी जोडयंत्रणा दिलेली असते. व्हीपीएन किंवा रहदारी-नियंत्रण सुरू केले की ही जोडयंत्रणा बऱ्याचदा बाजूला राहते, सर्व भार प्रोसेसरवर येतो आणि वेग घसरतो. स्वतः बांधलेल्या राउटरमध्ये हे सारे काम मूळ प्रोसेसरच करतो. त्यामुळे तो आरंभापासूनच पुरेसा सक्षम घ्यावा लागतो.

येथे गाभ्यांची, म्हणजे ‘कोअर’ची, संख्या पाहून फसू नये. काही सेवापुरवठादार जोडणीसाठी पीपीपीओई ही पद्धत वापरतात. पीएफसेन्स व ओपीएनसेन्स ज्या फ्रीबीएसडीवर आधारलेल्या आहेत, तिच्यात या पद्धतीने येणाऱ्या पाकिटांचा भार दीर्घकाळ एकाच गाभ्यावर पडत आला आहे. शाखेत चार खिडक्या असाव्यात आणि सारी रांग एकाच खिडकीवर लागावी, तसा हा प्रकार. अलीकडे यात सुधारणा होत असली, तरी अशा जोडणीसाठी एकेका गाभ्याचा वेग चांगला असलेला प्रोसेसर निवडणे हितावह.

इंटेलचा २०२३ च्या आरंभी आलेला एन-१०० हा चार गाभ्यांचा, ६ वॉट मानांकनाचा प्रोसेसर १ गिगाबिटच्या घरगुती जोडणीस पुरेसा ठरतो. व्हीपीएन वापरणाऱ्यांनी प्रोसेसरमध्ये एईएस सांकेतीकरणाची अंगभूत सोय असल्याची खात्री करावी.

नेटवर्क पोर्ट

राउटरला किमान दोन पोर्ट हवेत : एक बाहेरच्या जोडणीसाठी, एक घरासाठी. पोर्टवर लिहिलेला वेग आणि प्रत्यक्ष मिळणारा वेग यांत अंतर असू शकते. रास्पबेरी पाय ३ बी-प्लस या लहान संगणकाचा पोर्ट गिगाबिटचा म्हणविला जातो; परंतु तो आत यूएसबी २.० मार्गे जोडलेला असल्याने सुमारे ३०० मेगाबिटपलीकडे जात नाही.

पोर्टमागील चिपही तपासावी. फ्रीबीएसडीवर आधारित प्रणालींत सामान्यतः इंटेलच्या चिप अधिक भरवशाच्या मानल्या जातात. त्यांतही आय-२२५ या चिपच्या पहिल्या आवृत्तीत २.५ गिगाबिट वेगाला दोष आढळला होता. म्हणून नवीन खरेदीत आय-२२६ ला प्राधान्य द्यावे. जुन्या बाजारातून नेटवर्क कार्ड घेताना बनावट मालापासून सावध राहावे. घरातील केबल बदलण्याची घाई मात्र नको. चांगल्या स्थितीतील कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग देते आणि २.५ गिगाबिटचे मानकही तिच्यासाठीच आखलेले आहे.

स्मृती, साठवण आणि वाय-फाय

घरगुती वापरास ४ ते ८ गिगाबाइट रॅम पुरते. साठवणीसाठी मेमरी कार्डापेक्षा लहानसा एसएसडी घ्यावा. सतत होणाऱ्या नोंदींनी कार्ड लवकर झिजते. वाय-फाय याच पेटीत बसविण्याचा मोह टाळून त्यासाठी स्वतंत्र अॅक्सेस पॉइंट घराच्या मध्यभागी लावावा. राउटर जोडणी आली तेथे राहील आणि लहरी हव्या तेथे पोहोचतील.

विजेचा हिशेब

कार्यालयातून निघालेला जुना संगणक स्वस्तात मिळतो, म्हणून तो वापरण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. राउटर मात्र अहोरात्र चालतो. समजा, जुना संगणक सरासरी ४० वॉट वीज घेतो आणि नवा लहान संगणक १० वॉट. वर्षाला पहिल्यास सुमारे ३५० युनिट लागतील, दुसऱ्यास सुमारे ८८. प्रतियुनिट ८ रुपये दर धरल्यास वर्षाला सुमारे २,१०० रुपयांचा आणि पाच वर्षांत साडेदहा हजारांचा फरक पडेल. खरेदीची किंमत आणि चालविण्याचा खर्च एकत्र मांडल्याशिवाय स्वस्त-महाग ठरविता येत नाही.

पंखा नसलेली यंत्रे निःशब्द असतात. परंतु आपल्याकडील उन्हाळ्यात ती बंद कपाटात ठेवू नयेत. वीज वारंवार जात असेल, तर राउटर व सेवापुरवठादाराची पेटी या दोहोंना छोट्या यूपीएसचा आधार द्यावा. अचानक वीज गेल्याने साठवणीतील नोंदी बिघडू शकतात.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

• सेवापुरवठादार आपली पेटी ‘ब्रिज’ पद्धतीने लावून देईल काय? अन्यथा एकामागे एक दोन राउटर लागतील.

• जोडणी पीपीपीओईची आहे काय?

• ग्राहकास स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळतो काय? अनेक ग्राहकांना एकच पत्ता वाटून दिलेला असेल, तर त्या पत्त्यावरून घरच्या कॅमेऱ्याशी बाहेरून थेट जोडणी करता येणार नाही. नवा राउटर ही अडचण दूर करू शकत नाही.

• पुढील काही वर्षांत वेग वाढविण्याचा विचार आहे काय? असल्यास २.५ गिगाबिटचे पोर्ट आजच घ्यावेत.

ज्यांची जोडणी १०० मेगाबिटची आहे आणि गरज साधी आहे, त्यांना हा खटाटोप आवश्यक नाही. सुरक्षा-सुधारणा नियमित मिळणारा तयार राउटर आणि बदललेला मूळ पासवर्ड एवढ्यावर त्यांचे काम भागेल. राउटर स्वतः बांधणाऱ्याने मात्र देखभालीची जबाबदारीही स्वीकारलेली असते. महिन्यातून एक दिवस ठरवून प्रणालीच्या सुधारणा बसवाव्यात आणि मांडणीची एक प्रत वेगळी जपून ठेवावी. ज्या दारातून घरची कमाई ये-जा करते, त्याची कडी महिन्यातून एकदा तपासावयास फार वेळ लागत नाही.