अंतर किलोमीटरचे आणि दिवसांचे

नागपूरच्या सदर भागातून मेयो रुग्णालय दोन-तीन किलोमीटरवर आहे. गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर. मग तोंडाचा कर्करोग झालेला सदरचा रुग्ण गडचिरोलीच्या रुग्णापेक्षा नेहमीच लवकर तपासणीला पोहोचेल का? तसे खात्रीने म्हणता येत नाही.

लक्षण दिसल्यापासून निदानापर्यंतच्या काळाचे तीन टप्पे पडतात. पहिला लक्षण ओळखण्याचा. खर्रा खाणाऱ्याच्या गालात आतून पांढरा चट्टा उठतो, तोंड पूर्वीइतके उघडत नाही. सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. दुसरा, दवाखान्यात जायचे ठरवण्याचा. रोजंदारीवरच्या माणसाला तिथली रांग म्हणजे एका दिवसाची मजुरी. तिसरा, पहिल्या डॉक्टरपासून बायॉप्सीपर्यंतचा, म्हणजे तुकडा काढून तपासेपर्यंतचा. यात हेलपाटे पडतात. गाव दूर असेल तर प्रत्येक वेळी एसटीचे भाडेही पडते.

किलोमीटर मुख्यतः तिसऱ्या टप्प्यात आडवे येतात. पहिले दोन टप्पे घरातच लांबतात, मग घर रुग्णालयाच्या जवळ असो वा दूर. रोग मात्र थांबत नाही. लहान गाठ शस्त्रक्रियेने निघू शकते. तीच मानेतल्या लसिकाग्रंथींत पसरली की बरे होण्याची शक्यता बरीच घटते.

हे दिवस कमी करता येतात. सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदी घेणारे कार्यकर्ते गावोगाव लक्षणेही समजावून सांगत. पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत तपासणीला येऊ लागल्या. तोंडाच्या कर्करोगाबाबत केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून असाच प्रयोग झाला. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांत या रोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटापेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होते. दोन्हीकडे रुग्णालय जागचे हलले नाही. माहिती तेवढी घरापर्यंत चालत गेली.

हे काम शाळाही करू शकते, असे आम्हाला वाटते. स्वतःची तीन बोटे जोडून, उभी धरून तोंडात जातात का, हे विद्यार्थ्यांना करून पाहू द्यावे. बोटे जात नसतील, चट्टा दिसला किंवा तोंडातले व्रण दोन आठवड्यांत भरले नाहीत, तर डॉक्टरांना दाखवावे. यातून निदान होत नाही, पण पहिला टप्पा आखूड होतो. घरी जाऊन मूल हाच प्रयोग खर्रा खाणाऱ्या काकाला करायला सांगेल, तेव्हा धडा पुरा झाला असे आपण समजू.