अंतरीचा शब्द ओळखावा कसा?

आज नाताळ. बेथलेहेमच्या बाळाकडे सर्वांची दृष्टी लागते. परंतु त्या बाळाच्या पाठीशी निमूट उभ्या असलेल्या योसेफाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आम्ही कीर्तनकार, बोलणे हाच आमचा व्यवसाय. म्हणूनच न बोलता ऐकणाऱ्या या सुताराचे आम्हांस विशेष अप्रूप वाटते. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. त्याला स्वप्नात आज्ञा होते, तो उठतो आणि तसे करतो. मरियेचा स्वीकार करावा, हे त्याने ऐकले. हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला आहे, हेही ऐकले आणि रातोरात मिसर देशाची वाट धरली. श्रवणाला नवविधा भक्तीत प्रथम स्थान देणाऱ्या आपल्या घरांना या श्रोत्याची थोरवी निराळी सांगावयास नको.

परंतु प्रत्येकाच्या स्वप्नात देवदूत येत नाही. मग संसारात राहणाऱ्या ख्रिस्ती भाविकाने देवाची इच्छा ओळखावी कशी? मनात उठलेला शब्द देवाचा, की आपल्याच वासनेचा? या प्रश्नाचा सूक्ष्म विचार स्पेनमधील संत इग्नेशियस लोयोला (१४९१-१५५६) यांनी केला.

१५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वीरकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे हाती आली. कधी एका थोर स्त्रीसाठी पराक्रम गाजविण्याची चित्रे ते तासन् तास रंगवीत, तर कधी संतांप्रमाणे अनवाणी जेरुसलेमला जाण्याचे चिंतन करीत. चालू असता दोन्ही विचार गोडच वाटत. पण पहिला सरला की मन रुक्ष होई, दुसरा सरल्यावरही प्रसन्नता टिके. विचाराची परीक्षा मागे उरणाऱ्या चवीवरून करावी, हे त्यांना येथे उमगले.

तरी कान एका दिवसात तयार होत नाहीत. पुढे प्रवासात एका मुसलमान वाटसरूशी त्यांचा मरियेविषयी वाद झाला. तो पुढे निघून गेल्यावर, तिच्या सन्मानासाठी त्याच्यावर खंजीर चालवावा की काय, या विचाराने ते अस्वस्थ झाले. निर्णय होईना, तेव्हा त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला. ते वाटसरूच्या गावाकडे वळले तर वार करावयाचा! खेचर राजरस्त्याने गेले आणि रक्तपात टळला. भक्तीच्या वेषात क्रोध कसा बोलतो, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

मान्रेसा येथे ते रोज सात तास प्रार्थना करीत. तेथे नेमके निजण्याच्या वेळी दिव्य विचारांचे लोट येऊ लागले आणि झोपेचा थोडका वेळही त्यात जाऊ लागला. देवासाठी दिवसाचा एवढा काळ वाहिलेला असता हे विचार अवेळीच का यावेत, असा विवेक करून त्यांनी ते बाजूस सारले व ते झोपी गेले. उज्ज्वल दिसणारे सारेच देवाकडून येत नसते.

अशा अनुभवांतून सिद्ध झालेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथास १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. त्यातील नित्याची आत्मपरीक्षा गृहस्थालाही साधण्याजोगी आहे. प्रथम देवाचे आभार, मग प्रकाशाची याचना, मग दिवसभराच्या विचार-उच्चार-आचाराचे अवलोकन, त्यानंतर क्षमायाचना आणि अखेर सुधारणेचा संकल्प. घरात बोललेला कठोर शब्द, दुकानात दिलेले माप, दारी आलेल्याचे केलेले स्वागत, हे सारे त्या अवलोकनात येते. मन खिन्न असता पूर्वीचा सत्संकल्प बदलू नये, असाही त्यांचा दंडक आहे.

ऐकण्यास जाणता मार्गदर्शकही हवा. जुन्या करारात बाल शमुवेलाला रात्री हाक आली, तेव्हा तो तीनदा वृद्ध याजक एलीकडे धावला. हाक देवाची आहे, हे एलीने ओळखले. संदेश मात्र एलीच्याच घराण्याच्या शिक्षेचा निघाला! तरी सकाळी त्याने तो आग्रहाने विचारून घेतला आणि मान्य केला. आपल्याला प्रतिकूल असेल तेही ऐकण्याची तयारी, ही श्रवणाची खरी कसोटी होय.

इग्नेशियसांचे सोबती संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास आले; त्यांच्या संघाचे धर्मगुरू आजही ही साधना शिकवितात. शेजारच्या ख्रिस्ती घरी आज शुभेच्छा देण्यास जाताना, तेथील दिव्यांच्या झगमगाटाबरोबरच दिवसाअखेरीच्या या शांत घटकेचीही आठवण असू द्यावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.