पिक्चर ट्यूब फोडण्यापूर्वी तपासून घ्या

व्हिडिओ गेम पार्लरच्या जुन्या पेट्या अजूनही भंगाराच्या लॉटमध्ये येतात. भोसरी-चाकण पट्ट्यातील जुन्या सीएनसी मशीनच्या पॅनेलमध्येही काचेच्या ट्यूबचेच मॉनिटर असत. पडदा लागला नाही की ट्यूब गेली असे समजून ती फोडली जाते. हा तोट्याचा व्यवहार आहे. सर्किटमधील कंडेन्सर, ट्रान्झिस्टर, एलओटी बदलता येतात. ट्यूब मात्र बाजारात नवी मिळत नाही. २००५ साली थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेणारी आपल्या औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) व्हिडिओकॉन कंपनीही २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतील हजारो बांधकामे पाडली. जागा गेलेल्या व्यापाऱ्याला निकामी माल साठवणे परवडत नाही आणि चांगला माल फोडणेही परवडत नाही. म्हणून पारख हवी.

आधी जीव सांभाळा. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात. रबरी दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरला वायर बांधावी, दुसरे टोक ट्यूबमागील उघड्या अर्थ पट्टीला लावावे आणि टोक रबरी टोपीखाली सरकवावे. एकच हात वापरावा. काही मिनिटांनी पुन्हा तसेच करावे. ट्यूब मानेला धरून कधीही उचलू नये.

पहिली पारख डोळ्यांची. मानेजवळ काचेच्या आत चंदेरी किंवा काळपट चकाकी दिसली तर ठीक. ती दुधासारखी पांढरी झाली असेल तर हवा आत शिरली, ट्यूब संपली. पडद्यावर जुन्या गेमचा डाग उमटला असेल तर ट्यूब चालू असू शकते, पण भाव उतरतो.

दुसरी पारख मीटरची. मानेवरचा बोर्ड काढून ट्यूबच्या नंबरावरून पिना ओळखाव्यात. हीटरच्या दोन पिनांत काही ओहम दाखवले पाहिजेत. काहीच दाखवले नाही तर हीटर तुटला. हीटर आणि कॅथोड यांच्यात मात्र काहीही दाखवता कामा नये.

तिसरी पारख खरी. हीटरला वेगळ्या ट्रान्सफॉर्मरने त्याचा व्होल्टेज द्यावा. बहुतेक ट्यूबला तो ६.३ व्होल्ट असतो. मानेत नारिंगी उजेड दिसावा. जांभळा धूर दिसला तर आत वायू आहे. दोन मिनिटांनी काट्याचे मीटर ओहमवर ठेवून धन टोक पहिल्या ग्रिडला आणि ऋण टोक कॅथोडला लावावे. बहुतेक काट्याच्या मीटरमध्ये ओहमवर काळी वायर धन असते. थंड असताना काटा स्थिर राहावा, तापल्यावर हलावा. रंगीत ट्यूबमध्ये तिन्ही कॅथोडवर काटा जवळपास सारखा हलला तर ट्यूब जिवंत आहे आणि बिघाड सर्किटमध्ये शोधावा. एकावर कमी हलला तर तो रंग फिका पडेल.

मॉनिटर सुरू करून पाहायचा असेल तर आधी पाटी वाचावी. जपानी १०० व्होल्टचा किंवा अमेरिकी १२० व्होल्टचा माल २३० वर थेट लावल्यास जळतो. अनेक गेम मॉनिटरना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो नसेल तर चेसिसच करंट देते.

निकामी ट्यूब दुकानात फोडू नये. तिच्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्यावी. चालू ट्यूब विकताना डाग किंवा फिका रंग गिऱ्हाइकाला आधीच सांगावा. ऐब सांगून विकलेला माल परत येत नाही.