महाबळेश्वरचा ‘लॉडविक पॉइंट’ कुणाच्या नावाने? स्तंभावर जे कोरलेले नाही, त्याची गोष्ट

सांगलीच्या विश्रामबागमधून पहाटे गाडी काढली की दुपारच्या आत महाबळेश्वर गाठता येते. मग वेण्णा तलाव, स्ट्रॉबेरी, मका आणि एकामागून एक पॉइंट. त्यातल्याच लॉडविक पॉइंटवर एक उंच दगडी स्तंभ आहे. बहुतेक जण त्याच्यासमोर फोटो काढतात आणि पुढे जातात. पण हा लॉडविक कोण होता? आणि साताऱ्याच्या छत्रपतींच्या पदच्युतीशी त्याचा काय संबंध?

कोण होता लॉडविक?

पीटर लॉडविक हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अधिकारी. तो १७९९ मध्ये कंपनीच्या नोकरीत आला. १८०३-०४ च्या इंग्रज-मराठा युद्धात त्याने भाग घेतला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली, तेव्हा तो इंग्रजांच्या बाजूने ब्रिगेड मेजर होता. १८२४ मध्ये कित्तूरच्या मोहिमेत त्याच्याकडे पलटणीचे नेतृत्व होते. पुढे तो जनरल पदापर्यंत चढला. २८ ऑगस्ट १८७३ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी फ्रान्समध्ये त्याचा मृत्यू झाला.

पॉइंटला त्याचे नाव का?

१८२४ मध्ये लॉडविक साताऱ्यात पलटणीसोबत होता. त्या वर्षी दाट जंगलातून वाट काढत तो एकटाच या कड्यापर्यंत पोहोचला. या डोंगरावर येणारा पहिला युरोपीय म्हणून त्याची नोंद झाली. इथल्या थंड हवेची माहिती त्याने इतर इंग्रजांपर्यंत पोहोचवली. पूर्वी हा कडा ‘सिडनी पॉइंट’ म्हणून ओळखला जाई. नंतर सरकारी आदेशाने त्याला लॉडविकचे नाव मिळाले. त्याच्या मुलाने १८७४ मध्ये इथे स्तंभ उभारला.

अर्थात, स्थानिकांना आणि भाविकांना हा डोंगर नवा नव्हता. कृष्णेचा उगम असलेले क्षेत्र महाबळेश्वर आणि समोरचा प्रतापगड शतकानुशतके नांदते होते. ‘शोध’ लागला तो फक्त इंग्रजांना.

रस्ता कोणी बांधला?

इथे येतात छत्रपती प्रतापसिंह महाराज. पेशवाई संपल्यावर कंपनीने त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले होते. रेसिडेंट ब्रिग्जच्या आग्रहावरून महाराजांनी साताऱ्याहून महाबळेश्वरपर्यंत गाडीरस्ता करवून घेतला. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम इथे आला आणि आजारी युरोपीयांसाठी प्रायोगिक रुग्णालय सुरू झाले. १८२९ च्या करारानुसार हा भाग इंग्रजांकडे गेला. बदल्यात महाराजांना वाईकडील खंडाळा गाव मिळाले. नव्या वसाहतीच्या पेठेला महाराजांनी गव्हर्नरचेच नाव दिले – माल्कमपेठ.

मग बिनसले कुठे?

पुढे लॉडविकच साताऱ्याचा रेसिडेंट झाला. रेसिडेंट म्हणजे संस्थानातला कंपनीचा प्रतिनिधी. गादी महाराजांची, पण त्यांच्यावर नजर रेसिडेंटची.

१८३६ मध्ये महाराजांवर गंभीर आरोप झाला. कंपनीच्या पलटणीतील देशी सुभेदारांना फितवून इंग्रजांविरुद्ध उठवण्याचा त्यांचा कट आहे, असे सांगण्यात आले. चौकशीसाठी तीन सदस्यांचे गुप्त मंडळ नेमले गेले: मुंबई सरकारचा सचिव विलोबी, लेफ्टनंट कर्नल ओव्हन्स आणि स्वतः लॉडविक. मंडळाने महाराजांविरुद्ध अहवाल दिला. त्यावर लॉडविकचीही सही होती.

१८३७ मध्ये लॉडविकच्या जागी ओव्हन्स रेसिडेंट झाला. महाराजांवर उघड खटला चाललाच नाही. गुन्हा कबूल करा, गादी राहील, असा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला. त्यांनी तो नाकारला. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले आणि पुढे काशीला पाठवण्यात आले. तिथेच १८४७ मध्ये त्यांचे निधन झाले.

लॉडविकचे मत बदलले का?

होय. इंग्लंडला परतल्यावर त्याने ज्या चौकशीवर सही केली होती, तिच्याच पद्धतीवर जाहीर आक्षेप घेतला आणि महाराजांची बाजू मांडली. साताऱ्याचे आधीचे रेसिडेंट ब्रिग्ज आणि रॉबर्टसन यांनीही महाराजांसाठी आवाज उठवला. महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये वर्षानुवर्षे दाद मागत राहिले. पण निकाल फिरला नाही. महाराजांनंतर गादीवर बसवलेले त्यांचे बंधू शहाजी १८४८ मध्ये वारले आणि डलहौसीने सातारा खालसा केले.

स्तंभ काय सांगत नाही?

स्तंभावरच्या संगमरवरी शिलालेखात खडकी आहे, कित्तूर आहे, जंगलातली ती पायपीट आहे. साताऱ्याबद्दल मात्र एवढेच, की रेसिडेंट पदावर त्याची हिंदुस्थानातली कारकीर्द संपली. ती सही नाही आणि नंतरची कबुलीही नाही.

एका सहीने राज्य जायला हातभार लागला. ती चुकल्याचे सांगूनही ते परत आले नाही. पुढच्या वेळी स्तंभासमोर फोटो काढाल, तेव्हा मुलांना एवढे नक्की सांगा: इथवर चढून आलेल्या साहेबाचे नाव या कड्याला मिळाले, पण साताऱ्याहून इथवर रस्ता करणाऱ्या राजाला त्याच साहेबांच्या सरकारने घर सोडायला लावले.