निर्णय तिचा, परवानगी कोणाची?

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा एक अशासकीय ठराव आला. तो मांडणारे सदस्य होते प्रभाकर जनार्दन रोहम. स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १९३७ साली ते अहमदनगर दक्षिण मतदारसंघातून निवडून आले होते. भाषणाचा मसुदा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा होता. मूल होऊ द्यायचे की नाही हे सर्वस्वी स्त्रीच्या इच्छेवर असावे, अशी त्याची निःसंदिग्ध भूमिका होती. विषय गर्भपाताचा नव्हता, गर्भधारणा टाळण्याचा होता. तरीही सभागृहाने ठराव फेटाळला.

नगरच्या आमदाराने मांडलेला तो विचार आज सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत राज्यघटनेच्या आधाराने वाचायला मिळतो. पण पाथर्डी, जामखेड किंवा अकोल्याच्या बाईच्या हाती त्यातले किती पडते?

गुन्हा आणि सवलत

१८६०च्या भारतीय दंड संहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला. करणाऱ्यालाही शिक्षा आणि करून घेणाऱ्या बाईलाही. अपवाद एकच, तिचा जीव वाचवण्याचा. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले होते ते याच नगर शहरात, मिस फरार यांच्या शाळेत. फसवल्या गेलेल्या विधवेला समाज जगू देत नव्हता आणि कायदा तिलाच आरोपी करत होता. तिला दार उघडणारे ते घर होते.

कायदा बदलायला आणखी शंभर वर्षे गेली. केंद्र सरकारने १९६४ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा होते. तिचा अहवाल १९६६च्या अखेरीस आला, १९७१ साली वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, वीस आठवड्यांपर्यंत दोघांचे, अशी त्याची रचना होती. २०२१च्या दुरुस्तीने या मर्यादा वीस आणि चोवीस आठवडे झाल्या. चोवीसची मुभा मात्र ठरावीक गटांनाच आहे: बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग, गर्भारपणात वैवाहिक स्थिती बदललेल्या स्त्रिया वगैरे. गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीने आठवड्यांची अट उरत नाही.

या कायद्याचा गाभा नीट पाहिला पाहिजे. तो बाईला हक्क देत नाही, डॉक्टरला शिक्षेपासून संरक्षण देतो. अगदी सहाव्या आठवड्यातही तिची इच्छा पुरत नाही, डॉक्टरने सद्‌भावनेने तसे मत द्यावे लागते. मूळ गुन्हा तसाच उभा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये गेला, एवढाच फरक.

न्यायालयांची वाट

अमेरिकेत २४ जून २०२२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला १९७३ पासून असलेले घटनात्मक संरक्षण काढून घेतले. तेव्हापासून लढाई एकेका राज्याच्या न्यायालयात गेली, कारण तिथे प्रत्येक राज्याला स्वतःची राज्यघटना आहे. कॅन्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०१९ मध्येच राज्यघटनेतील नैसर्गिक हक्कांत गर्भपाताचा निर्णय येतो असे म्हटले होते आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या मतदारांनी तो हक्क काढून घेण्यास नकार दिला. आपल्याकडे राज्यांना वेगळी घटना नाही. नगरच्या बाईलाही आणि केरळच्या बाईलाही आधार एकच, जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे कलम २१.

त्या कलमाची कसोटी महाराष्ट्रात गाजली ती २००८ साली. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे उशिरा कळलेल्या मुंबईतल्या एका दांपत्याने डॉ. निखिल दातार यांच्यासह उच्च न्यायालयात धाव घेतली. वीस आठवडे उलटले होते. ४ ऑगस्टला याचिका फेटाळली गेली. कायदा बदलणे हे संसदेचे काम, असे न्यायालयाने सांगितले. संसदेला त्यासाठी तेरा वर्षे लागली.

दरम्यान निकालांची भाषा बदलत गेली. प्रजननाविषयीचा निर्णय हा कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात म्हटले. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. विजया ताहिलरामानी आणि न्या. मृदुला भाटकर यांनी कैदी स्त्रियांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि शरीर तिचे, म्हणून निर्णयही तिचा, हे तुरुंगातल्या बाईबाबतही मान्य केले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही चोवीस आठवड्यांची मुभा दिली. जानेवारी २०२३ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. एस. जी. डिगे यांनी तर वैद्यकीय मंडळाचा प्रतिकूल अहवाल बाजूला ठेवला. गर्भात गंभीर व्यंग असलेल्या, बत्तीस आठवडे उलटलेल्या याचिकाकर्तीला त्यांनी परवानगी दिली. निर्णय मंडळाचा नव्हे, तिचा, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

पण त्याच वर्षी जूनमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पंधरा वर्षांच्या मुलीला अठ्ठाविसाव्या आठवड्यात परवानगी नाकारली. मूल जिवंत जन्मणारच असेल तर ते पूर्ण दिवसांचे जन्मू द्यावे, असे कारण दिले गेले. एप्रिल २०२४ मध्ये चौदा वर्षांच्या मुलीला मुंबई उच्च न्यायालयाने नाही म्हटले, सर्वोच्च न्यायालयाने हो म्हटले आणि आठवड्याभरात पालकांचे मत बदलल्यावर तो आदेश मागे घेतला. गर्भवतीची संमती सर्वोपरी, असे तत्त्व त्या प्रकरणातून पुढे आले. तत्त्व ठरेपर्यंत त्या मुलीचे गर्भारपण पुढे सरकतच होते.

ऊसतोडीच्या पट्ट्यात

नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, याच औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतो. नगर शहरापासून ते शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. तालुक्याच्या गावातून जिल्हा रुग्णालय, तिथून वकील, याचिका, मंडळाची तपासणी, अहवाल, सुनावणी. या क्रमात दिवस जातात आणि इथे दिवस म्हणजेच कायदा. नियमांनुसार मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचे असते. पण घड्याळ सुरू होते अर्ज पोचल्यावर, बाईला कळल्यावर नाही.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. उचल नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे एका कोयत्याची, घेतलेली असते. खाडा झाला की पैसे कापले जातात. फडात असताना पाळी चुकली तर सोनोग्राफीला जायचे कोणी आणि मुकादमाला सांगायचे काय? पट्टा पडून गावी परत येईपर्यंत चार-पाच महिने गेलेले असतात. कायद्यातली आठवड्यांची मर्यादा शहरी पगारदार बाईला ओलांडायला जेवढी अवघड, तेवढी या बाईला पाळायला अवघड आहे.

ती अठराच्या आतली असेल तर गुंता वाढतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर अल्पवयीन पत्नीशी शरीरसंबंधही बलात्कार ठरतो आणि पॉक्सो कायद्यानुसार डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते. नवऱ्यावर गुन्हा नोंदला जाईल या भीतीने कुटुंब सरकारी दवाखान्याकडे फिरकत नाही. मुलीची किंवा पालकाची विनंती असेल तर कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच सांगितले आहे. हे गावोगाव पोचायला हवे.

दुसरी भीती लिंगनिदानाची. मुलींचे घटते प्रमाण हे महाराष्ट्राचे खरे दुखणे आहे. म्हणूनच १९८८ मध्ये या राज्याने देशात पहिला लिंगनिदानविरोधी कायदा केला. मुलाचे लिंग निवडणे हाही कलम २१ खालचा हक्क, असा दावा विनोद सोनी प्रकरणात झाला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो ठामपणे नाकारला आणि ते योग्यच होते. मुलगी म्हणून गर्भ नाकारणे हा भेदभाव आहे. पण लिंगनिदान थांबवायचे म्हणून गर्भपाताच्या गोळ्यांवर आणि सेवेवर संशय घेतला की मार खाते ती वेळेवर आलेली गरीब बाई. या गोळ्या सुरुवातीच्या आठवड्यांत दिल्या जातात, तेव्हा सोनोग्राफीत लिंग कळतही नाही.

जामखेडने यातून मार्ग दाखवलेला आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायकांना त्यांनी गरोदरपणाची तपासणी शिकवली. बाईचे दुखणे बाईला लवकर कळते आणि लवकर कळले की न्यायालयाची पायरी चढावीच लागत नाही.

बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचा २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेत मृत्यू झाला, कारण वेळेवर गर्भपात करायला नकार दिला गेला. त्या देशाने मे २०१८ मध्ये सार्वमत घेऊन राज्यघटनेतली बंदी काढून टाकली. आपल्या घटनेत बंदी नाही, म्हणून आपल्याला सार्वमत नको, इच्छाशक्ती हवी. पहिल्या बारा आठवड्यांत केवळ तिची मागणी पुरेशी मानणारी दुरुस्ती करा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात काम करणारे वैद्यकीय मंडळ ठेवा. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या तळावर गरोदरपणाची तपासणी सक्तीची करा आणि त्या दिवसाचा खाडा धरू नका. नगरच्या आमदार-खासदारांनी ही मागणी सभागृहात मांडावी आणि वाचकांनी त्यांना ती मांडायला लावावी.