बाळाचे पोट आणि गव्हाची पोळी

लहान मुलाचे पोट बिघडले की घरोघरी कारणे तयार असतात. दात येत असतील, जंत झाले असतील, नाहीतर दृष्ट लागली असेल. चार दिवसांत पोट ठीक झाले तर खरे कारण शोधायची गरजही पडत नाही. पण तक्रार महिनोन् महिने चालली आणि वजन वाढायचे थांबले, तर ते शोधावेच लागते. आमच्या नातीसाठी आम्हाला हा शोध जवळजवळ वर्षभर घ्यावा लागला. शेवटी निदान झाले ते सीलिॲक रोगाचे. आपल्या इंदूरच्या घरांत या रोगाची माहिती कमी आढळते, म्हणून हा लेख.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणकेला चिकटपणा येतो तो त्यामुळेच. काही जणांचे शरीर ग्लुटेनला शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. आतड्याच्या आतल्या बाजूला टॉवेलच्या लवेसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नरस त्यांतून शोषला जातो. ते झिजून सपाट झाले की मूल खाते, पण अंगी लागत नाही. दुर्गंधीयुक्त पातळ शौच, फुगलेले पोट, काटकुळे हातपाय, चिडचिड ही लक्षणे बहुधा गहू सुरू केल्यानंतर काही महिन्यांनी दिसू लागतात. काही मुलांना उलट बद्धकोष्ठ होते. काहींची फक्त उंची खुंटते, किंवा लोहाचे औषध देऊनही रक्त वाढत नाही.

गव्हाचा हा संबंध ओळखला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. त्या काळात हे रुग्ण सुधारले, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडले. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. 1950 मध्ये त्यांनी आपल्या प्रबंधात तो सविस्तर मांडला.

उत्तर भारतात सुमारे शंभरात एकाला हा रोग असतो. भात खाणाऱ्या दक्षिणेत प्रमाण बरेच कमी आहे. आपले पूर्वज भाकरी-भाताच्या मुलखातून आले, पण माळव्यात आपले ताट गव्हाचे झाले. म्हणून इथे हा विचार डोक्यात असावा.

तपासणीची सुरुवात ‘टीटीजी-आयजीए’ या रक्तचाचणीने होते. तिच्यासोबत एकूण आयजीएही मोजतात, कारण तेच मुळात कमी असेल तर चाचणी खोटा दिलासा देते. पुढे बहुतेक वेळा दुर्बिणीने आतड्याचा सूक्ष्म तुकडा घेऊन तपासतात. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नये. आधीच बंद केला तर आतडे भरून येऊ लागते आणि निदान निसटते. निदान पक्के झाल्यावर आईवडील आणि भावंडांचीही चाचणी करावी.

पोटाच्या प्रत्येक तक्रारीमागे सीलिॲकच असतो असे मुळीच नाही. साधे बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, दूध न पचणे ही कारणे अधिक आढळतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना एक वही न्यावी. तारीख, वजन, काय खाल्ले, शौच कितीदा व कसे, एवढेच रकाने पुरेत. आम्ही तोंडी सांगत होतो तेव्हा दर वेळी नवे औषध मिळे. सहा महिन्यांचे वजन एका पानावर दिसले तेव्हा डॉक्टरांनी चाचणी लिहून दिली. मात्र शौचात रक्त, हिरवी उलटी किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही दिसल्यास वही बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे.

यावर औषध एकच, जन्मभर ग्लुटेन वर्ज्य. आपल्या स्वयंपाकघरात त्यासाठी पर्याय भरपूर आहेत: ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा. लक्ष ठेवायचे ते लपलेल्या गव्हावर. रवा, मैदा, शेवया तर उघडच आहेत, पण थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटातही बहुधा गहू असतो. बाजारच्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते आणि ते हिंग फोडणीतून सगळीकडे जाते. गिरणीत गव्हानंतर दळलेली ज्वारीही चालत नाही, म्हणून आम्ही घरीच लहान चक्की घेतली. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिण्यासाठी आपल्याकडे किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तेव्हा लेबल वाचावे.

खरी अडचण घराबाहेर येते. प्रसादाचा शिरा, पोह्यांबरोबरची जिलेबी, “एका घासाने काय होतंय?” हा प्रेमळ आग्रह. एका घासानेही आतड्याला इजा होते, आणि ती त्याच दिवशी दिसेलच असे नाही. आमची नात आता नीट वाढते आहे, पण पंगतीत तिला नाही म्हणताना जीव तुटतो. म्हणून सर्वांना विनंती की गणेशोत्सवात तळणीच्या मोदकांबरोबर थोडे उकडीचेही असावेत, वेगळ्या भांड्यात आणि वेगळ्या चमच्याने वाढलेले. तेवढ्याने अशा मुलांनाही सगळ्यांबरोबर पानावर बसता येईल.