भानामतीचा पंचनामा

कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय अनेक वर्षं ज्या बेल्व्हेडिअर वाड्यात होतं, तिथे साहेबाच्या मडमेचं भूत फिरतं अशी जुनी वदंता आहे. 2010 मध्ये डागडुजी चालू असताना तळमजल्यावर दार-खिडकी नसलेली एक बंद जागा सापडली आणि खजिना, छळकोठडी अशा चर्चांना ऊत आला. पुरातत्त्व खात्याने भिंतीला भोक पाडून पाहिलं, तर आत नुसती माती. मडमेच्या भुतापायी कुणाचं काही बिघडलं नाही.

मराठवाड्यातली गोष्ट वेगळी. इथे भानामतीचा बोभाटा झाला की संशय जिवंत माणसावर जातो. शेजारची एकटी बाई, नाहीतर भाऊबंदकीत वैर असलेलं घर. मग देवऋषी नाव काढतो आणि प्रकरण मारहाणीवर येतं.

प्रकार ठरलेले: पत्र्यावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, अन्नात घाण सापडते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात.

या फुल्यांचं मर्म बिब्ब्याच्या तेलात आहे. काळं, चिकट तेल. पूर्वी परीट त्याने कपड्यांवर खुणा करत. ते कातडीला लागलं तर भाजल्यासारखं होऊन फोड येतात, पण लगेच नाही. त्रास उमटायला काही तास, कधी एखादा दिवसही जातो. घरचे फुली बघून ओरडतात, तोवर ती काढणारा हात कधीच मोकळा झालेला असतो. आगीचंही तसंच. पांढरा फॉस्फरस हवेत साधारण 30 अंश सेल्सिअसलाच पेट घेतो, पण बहुतेक घरांत काडेपेटी पुरते. कपडा पेटलेला सगळ्यांनी पाहिलेला असतो. पेटताना कुणीच नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा घरी गेले की यंत्रं लावत नाहीत. घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलतात. काय घडलं, तेव्हा कोण कुठे होतं, घरात कुणाची घुसमट चाललीय? शोध बहुधा घरातल्याच माणसाशी येऊन थांबतो: सासुरवासाला कंटाळलेली सून, शाळा सुटलेली मुलगी, धाकात वाढलेला पोरगा. त्याचं नाव चारचौघांत फोडायचं नाही, ही पहिली अट. समजावणी होते, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात, आणि प्रकार थांबतात.

20 ऑगस्ट 2013 रोजी दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. जादूटोणाविरोधी वटहुकूम त्याच महिन्यात निघाला, डिसेंबरात कायदा झाला. करणी किंवा चेटूक केल्याचा आळ घेऊन कुणाला मारहाण केली, तर 6 महिने ते 7 वर्षं कैद आणि 5 ते 50 हजार रुपये दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे तक्रार घेऊन थेट पोलीस ठाण्यात जाता येतं.